कारागिराचा नकार

गेल्या महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक पत्र असें आहे कीं, त्याचें उत्तर चार ओळींत देऊन भागावयाचें नाहीं. पत्र लिहिणारे गृहस्थ निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांचा पुतण्या अमेरिकेंत कोलोरॅडो राज्यांत शिकला, तेथेंच नोकरीस लागला, आणि आतां तेथील नागरिकहि झाला आहे. दर रविवारीं तो नेमबाजीच्या मैदानावर जातो. त्यानें नुकतेंच एक जुनें पिस्तूल विकत घेतलें. तें नांवानें पिस्तूल खरें, परंतु रचनेनें रायफलीचें धाकटें भावंडच आहे. त्याची नळी त्याला बदलून घ्यावयाची आहे, मूठ मागें न्यावयाची आहे, आणि पुढेंमागें खांद्याला टेकवावयाचा दस्ताहि बसवावा असें त्याच्या मनांत आहे. हें काम कोणाच्या हातीं द्यावें, आणि तो माणूस जाणता आहे हें ओळखावें कसें, असें त्यानें काकांना विचारलें आणि काकांनीं आम्हांला. काकांच्या मातोश्रींचा प्रश्न निराळा आहे. "पोराला तेथें एवढा वैरी तरी कोण झाला आहे?" असें त्या विचारतात, आणि काकांनीं तोहि प्रश्न प्रामाणिकपणें पत्रांत उतरवून पाठविला आहे.

आजींना आधीं उत्तर द्यावयास हवें, नाहीं तर घरांतील वडील मंडळी पुढचें वाचावयाचीच नाहींत. वैरी कोणीहि नाहीं. पुतण्या ज्या खेळांत रमला आहे त्यांतलीं सावजें पोलादी पत्र्याचीं असतात. कोंबडी, डुक्कर, टर्की पक्षी आणि एडका अशा चार आकृति अनुक्रमें ५०, १००, १५० आणि २०० मीटरांवर उभ्या केलेल्या असतात. त्यांना नुसती गोळी लागून भागत नाहीं. धक्क्यानें त्या आडव्या पडाव्या लागतात. खेळ मूळचा मेक्सिकोचा. तेथून तो सरहद्द ओलांडून अमेरिकेंत आला, आणि पिस्तुलानें तो खेळणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ सालीं निघाली. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें, तेव्हां ज्या घरांतून आनंद झाला त्या घरांनीं पुतण्याच्या छंदाला भ्यावें असें आम्हांस वाटत नाहीं. हत्यार घरांत कसें ठेवलें आहे याची चौकशी मात्र आजींनीं अवश्य करावी. पोलादी कपाट, कुलूप, आणि काडतुसें निराळ्या जागीं, एवढें उत्तर आलें म्हणजे त्यांनीं स्वस्थ असावें.

आतां या हत्याराविषयीं. रेमिंग्टन कंपनीनें १९६३ सालीं 'एक्सपी-१००' या नांवाचें पिस्तूल बाजारांत आणलें. रायफलीचा बोल्ट, म्हणजे हातानें वर करून मागें ओढावयाची ती पोलादी खिट्टी, कंपनीनें आंखूड शरीरांत बसविली; एका वेळीं एकच काडतूस; आणि सारा डोलारा नायलॉनच्या दस्त्यांत. त्याच्यासाठीं काडतूसहि निराळें केलें. रायफलीचें .२२२ रेमिंग्टन हें काडतूस आंखूड करून .२२१ फायरबॉल निघालें, कारण आंखूड नळींत लांब काडतुसाची सारी दारू जळत नाहीं आणि जी जळावयाची राहते ती नळीच्या तोंडाबाहेर नुसता जाळ आणि आवाज करते. पिस्तूल समतोल रहावें म्हणून मूठ मधोमध ठेवली होती. ही कल्पना कागदावर उत्तम होती. परंतु मूठ पुढें आली म्हणजे चापहि पुढें येतो, आणि गोळी सोडणारा खटका तर मागें बोल्टपाशींच राहतो. या दोहोंस जोडण्यासाठीं मध्यें एक लांब पट्टी घालावी लागली. त्या पट्टीमुळें चाप ओढतांना बोटाला जो लिबलिबीतपणा लागतो तो कसलेल्या नेमबाजाला असह्य होतो. म्हणून पुष्कळ लोक मूठ मागें नेऊन ती पट्टीच काढून टाकतात. शिवाय .२२१ ची चिमुकली गोळी २०० मीटरांवरील एडक्याला लागते, पण पाडीत नाहीं. म्हणून मोठ्या काडतुसाची नळी हवीशी वाटते. पुतण्याचा हट्ट, तेव्हां, अगदींच पोरकट नाहीं.

याच्या उलट १९६७ सालचें 'कंटेंडर' पिस्तूल पहावें. वॉरन सेंटर नांवाच्या कल्पक कारागिरानें तें असें रचलें कीं, बिजागरीची एक खीळ काढली म्हणजे नळी सुटी होते आणि त्याच मुठीवर दुसऱ्या काडतुसाची नळी घरच्या घरीं चढवतां येते. तेथें कारागिराचें काम कारखान्यांतच होऊन गेलेलें असतें. एक्सपी-१०० चें तसें नाहीं. त्याची नळी आट्यांनीं घट्ट बसविलेली असते, आणि नव्या नळीचे आटे, तिच्यांतील काडतुसाची जागा आणि बोल्टशीं असलेलें तिचें अंतर हें सारें त्या एकाच हत्यारापुरतें, हातानें आणि मापानें, नव्यानें जुळवावें लागतें. म्हणून माणूस शोधण्याचा प्रश्न उद्भवतो.

पिस्तुलाला खांद्याचा दस्ता लावण्याची हौस मात्र बरीच जुनी आहे, आणि तिच्यांतला एक धागा थेट मुंबईस येऊन पोंचतो. जर्मनींतील माउझर कंपनीचें १८९६ चें पिस्तूल ज्या लांकडी म्यानांत मिळे तेंच म्यान मुठीला मागून अडकविलें म्हणजे खांद्याचा दस्ता होई. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत विन्स्टन चर्चिल नांवाचा एक तरुण लष्करी अंमलदार मुंबईच्या ससून डॉकवर बोटींतून उतरत होता. लाटेनें होडी खालीं गेली, त्याचा हात मात्र भिंतींतील लोखंडी कडीला धरलेला होता. उजवा खांदा निखळला. तो खांदा पुढें जन्मभर दुबळाच राहिला. दोन वर्षांनीं, २ सप्टेंबर १८९८ रोजीं, सुदानांत ओमदुर्मानच्या लढाईंत घोडदळानें चाल केली तेव्हां दुखऱ्या खांद्यामुळें चर्चिलनें तलवार म्यान केली आणि माउझर हातीं घेतलें. ससून डॉकच्या त्या कडीनें इतिहासाचें काय केलें याचा तर्क ज्यानें त्यानें करावा. आम्ही दस्त्याकडे वळतों.

दस्ता ही जेवढी सुतारकीची तेवढीच, किंबहुना त्याहून अधिक, कायद्याची बाब आहे. अमेरिकेंत १९३४ चा राष्ट्रीय शस्त्र कायदा अजून चालू आहे. खांद्याला टेकवून झाडावयाच्या आणि १६ इंचांहून आंखूड नळीच्या रायफलीची नोंद सरकारदप्तरीं करावी, आणि ती बनविण्यापूर्वीं परवानगी घ्यावी, असा त्याचा दंडक आहे. पिस्तुलाची नळी केवढीहि आंखूड असली तरी हरकत नाहीं. परंतु त्याच पिस्तुलाला मागें दस्ता लावला कीं तें त्याच क्षणीं आंखूड रायफल ठरतें. विनापरवाना असें केल्यास दहा वर्षेंपर्यंत कैद होऊं शकते. या परवान्यावर पूर्वीं २०० डॉलर कर होता. तो १९३४ पासून कधीं वाढला नाहीं, आणि २०२५ सालीं झालेल्या कायद्यानें १ जानेवारी २०२६ पासून अशा रायफलींपुरता शून्यावर आला. हें ऐकून पुष्कळांचा असा समज झाला आहे कीं बंधनच उठलें. तें खरें नव्हे. पैसे द्यावे लागत नाहींत एवढेंच. अर्ज, बोटांचे ठसे आणि मंजुरी हीं पूर्वींसारखींच आहेत. शिवाय कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत सामान्य माणसाला अशी रायफल बाळगण्यास राज्याचीच मनाई आहे, तेथें मध्यवर्ती सरकारच्या परवान्याचा उपयोग नाहीं.

या एका रेषेवरून केवढा वाद माजला तें पाहण्यासारखें आहे. वर सांगितलेल्या कंटेंडरच्या कंपनीनें पिस्तुलाबरोबर एक संच विकावयास काढला. त्यांत २१ इंचांची नळी आणि खांद्याचा दस्ता होता. लांब नळी आणि दस्ता एकत्र लावले तर ती कायदेशीर रायफल. आंखूड नळी ठेवून दस्ता लावला तर गुन्हा. सरकारचें म्हणणें असें कीं, गुन्ह्याचें साहित्य एका पेटींत ठेवून विकणें हेंच आंखूड रायफल बनविणें होय. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि १९९२ सालीं कंपनीच्या बाजूनें लागलें. पण तें किती घासून, तर पांच न्यायमूर्ति एका बाजूस आणि चार दुसऱ्या. ज्या संचाचा एक तरी कायदेशीर उपयोग आहे आणि ज्याविषयीं कायद्याचे शब्द संदिग्ध आहेत, त्याचा अर्थ नागरिकाच्या बाजूनें लावावा, असा त्या निर्णयाचा आशय आहे. पुढें हाताला बांधावयाच्या पट्ट्यांविषयीं असाच गोंधळ झाला. त्या पट्ट्या खांद्याच्या दस्त्यासारख्या वापरल्या जातात म्हणून २०२३ सालीं सरकारनें कडक नियम केला, आणि जून २०२४ मध्यें टेक्ससमधील न्यायालयानें तो रद्द ठरविला. पुतण्यानें यांतून एवढें ध्यानांत घ्यावें कीं, ज्या रेषेवर न्यायमूर्तींचीं मतें पांच विरुद्ध चार पडतात त्या रेषेच्या जवळपास मित्रांच्या सांगण्यावरून फिरूं नये. नळी बदलणें आणि मूठ मागें नेणें एवढ्यानें पिस्तूल तें पिस्तूलच राहतें. दस्त्याचा विचार करावयाचा तर मंजुरी हातीं येईपर्यंत दस्ता घरांतसुद्धां आणूं नये.

आणि आमची पहिली परीक्षा येथेंच आहे. पुतण्यानें एखाद्या कारागिराकडे जावें आणि सहज विचारावें, "नळी बसवितांना दस्ताहि लावून द्याल काय? कागदपत्रें मागाहून करूं." जो "लावून देतों" म्हणेल त्याला नमस्कार करून बाहेर पडावें. त्याला कायदा ठाऊक नसेल तर तो अडाणी, आणि ठाऊक असून म्हणत असेल तर दुसऱ्याच्या कैदेविषयीं तो बेफिकीर. दोहोंपैकीं कोणाच्याहि हातून चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होणारा स्फोट जुळवून घेणें शहाणपणाचें नव्हे.

स्फोट हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. काडतूस पेटलें म्हणजे पितळेच्या त्या नळकांड्यांत दर चौरस इंचास पन्नास हजार पौंडांच्या आसपास दाब निर्माण होतो. पितळ एवढा दाब एकट्यानें सोसूं शकत नाहीं. भोंवतालच्या पोलादी चेंबरनें त्याला चारी बाजूंनीं आवळून धरलेलें असतें, आणि मागून बोल्टनें पाठ दिलेली असते, म्हणून तें टिकतें. बोल्ट आणि काडतूस यांच्यामध्यें फट वाजवीपेक्षां अधिक राहिली तर दाबानें पितळ मागें ताणलें जातें, बुडाजवळ फाटतें, आणि तापलेला वायु मागें नेमबाजाच्या डोळ्यांच्या दिशेनें येतो. या अंतराला ते लोक 'हेडस्पेस' म्हणतात. तें पाहण्यासाठीं दोन पोलादी मापें असतात: एक घातलें असतां बोल्ट मिटला पाहिजे, दुसरें घातलें असतां मिटतां कामा नये. या दोन मापांतील फरक बहुधा चार ते सहा हजारांश इंच असतो. माणसाचा केस सुमारें तीन हजारांश इंच जाड असतो हें लक्षांत घेतलें म्हणजे, दीड-दोन केसांच्या या फटींत सारा धंदा कसा उभा आहे तें कळून येईल.

आमच्याकडे कारागिराचें कौतुक करतांना 'त्याचा हातच सांगतो' असें म्हणण्याची चाल आहे. सोनार, तबल्याला शाई भरणारा, पैठणी विणणारा यांच्या बाबतींत तें खरेंहि असेल. परंतु बंदुकीच्या बाबतींत नुसत्या हाताच्या आणि डोळ्याच्या भरंवशावर राहिल्यानें काय झालें याची एक हकीकत अमेरिकेच्याच सरकारी कारखान्यांतील आहे, आणि ती आम्हांस या साऱ्या विषयाचा गाभा वाटते.

मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील कारखान्यांत १९०३ च्या नमुन्याची लष्करी रायफल होत असे. बोल्ट ज्यांत बसतो तो तिचा मधला भाग लाल तापवून ठोकीत, आणि पोलाद पुरेसें तापलें कीं नाहीं हें मुरलेले लोहार त्याच्या रंगावरून ठरवीत. वर्षानुवर्षें त्यांनीं हेंच केलें होतें; त्यांच्या डोळ्यांविषयीं कोणालाहि शंका नव्हती. १९१७ सालीं पहिल्या महायुद्धाच्या धामधुमींत कांहीं रायफली सैनिकांच्या हातांत फुटल्या. चौकशी झाली, तेव्हां पोलाद जळून ठिसूळ झालेलें आढळलें. कारण काय, तर ऊन! स्वच्छ उन्हाच्या दिवशीं तापलेल्या पोलादाचा रंग फिका दिसतो. ढगाळ दिवशीं तोच रंग भडक दिसतो. म्हणून उन्हाच्या दिवशीं तो 'नेहमींचा' रंग येईतों लोहार पोलाद अधिक तापवीत राहत, आणि हा फरक तीनशें अंश फॅरनहाइटपर्यंत जाई. लोहारांचा हात चुकत नव्हता, अनुभव कमी नव्हता, नियतहि खोटी नव्हती. चुकत होता तो खिडकींतून येणारा उजेड, आणि तो कोणी मोजीत नव्हतें. पुढें भट्ट्यांवर उष्णता मोजण्याचीं यंत्रें बसलीं आणि हा दोष गेला. परंतु स्प्रिंगफील्डच्या ज्या रायफलींवर ८,००,००० च्या आंतला क्रमांक आहे त्या आज शंभर वर्षांनंतरहि जाणते लोक झाडीत नाहींत, भिंतीवर लावतात.

म्हणून पुतण्यानें कारागिराच्या केसांचा पिकलेपणा पाहूं नये. त्याच्या खणांतील मापें पहावीं. ज्या काडतुसाचें चेंबर कापून घ्यावयाचें त्याचीं दोन्ही मापें आपल्याजवळ आहेत काय, असें सरळ विचारावें. चेंबर कापण्याचें हत्यार, ज्याला रीमर म्हणतात, तें त्याचें स्वतःचें आहे कीं भाड्यानें आणणार, आणि तें अमेरिकन शस्त्र-काडतूस उत्पादकांच्या १९२६ सालीं निघालेल्या संस्थेनें ठरविलेल्या प्रमाणाचें आहे कीं कोणा हौशी माणसानें आपल्या कल्पनेनें घडविलेलें, हेंहि विचारावें. भाड्याचा रीमर वाईट असें नाहीं, पण बोथट असूं शकतो. नळी लेथवर फिरतांना तिचें बाहेरचें अंग मध्यावर आहे कीं आंतलें भोंक मध्यावर आहे, हा आणखी एक विचारण्याजोगा प्रश्न आहे. नळींतील भोंक बाहेरच्या अंगाशीं क्वचितच अगदीं समकेंद्र असतें. जाणता माणूस भोंकाला काटा लावून तें मध्यावर आणतो आणि मग कापतो. हा प्रश्न ऐकून ज्याचा चेहरा उजळतो आणि जो पंधरा मिनिटें बोलतच राहतो, तो बहुधा आपला माणूस. जो कंटाळतो, त्यानें हें काम फारसें केलेलें नाहीं.

दुसरा नकार काडतुसाच्या निवडींत यावयास हवा. पुतण्याला मोठें काडतूस हवें आहे. .२२१ चें बूड लहान, त्याच कुटुंबांतील.२२३ रेमिंग्टन निवडलें तर बूड तेंच राहतें आणि बोल्टला हात लावावा लागत नाहीं. परंतु ७ मिलिमीटरच्या जाड बुडाच्या काडतुसाला बोल्टचें तोंड कापून रुंद करावें लागतें, काडतूस बाहेर ओढणारी आंकडी बदलावी लागते, आणि तेथें हात बिघडला तर नुसती नळी बदलून तें सुधारत नाहीं. पुढें रेमिंग्टननें स्वतःच अशा मोठ्या काडतुसाचीं पिस्तुलें काढलीं, म्हणून तें अशक्य आहे असें नव्हे. पण चांगला कारागीर आधीं विचारतो, "आपल्याला एडका पाडावयाचा आहे, कीं मोठ्या काडतुसाचें नांव सांगावयाचें आहे?" आणि गिऱ्हाइकानें बाजारांतील सर्वांत दांडगें काडतूस मागितलें तर तो म्हणतो, "या शरीराला तें शोभणार नाहीं. मी करणार नाहीं." पी. ओ. ॲकले नांवाचे एक प्रसिद्ध कारागीर होऊन गेले. नव्या काडतुसांच्या खटपटीसाठींच त्यांची ख्याति, पण त्याच माणसानें निरनिराळ्या जातींच्या लष्करी रायफली दाब वाढवीत वाढवीत मुद्दाम फोडून पाहिल्या, म्हणजे कोणती कोठें हार खाते हें तर्कानें नव्हे, प्रत्यक्ष कळावें. लोक ज्या जपानी आरिसाका रायफलीला हिणवीत ती त्या कसोटींत भल्याभल्यांहून टिकाऊ ठरली.

हे ॲकले ज्या शाळेंत शिकवीत ती पुतण्याच्या राज्यांतच आहे. कोलोरॅडोंतील ट्रिनिडाड गांवच्या सरकारी कॉलेजांत दुसऱ्या महायुद्धानंतर घरीं परतलेल्या सैनिकांच्या काळीं बंदूककामाचा वर्ग निघाला, आणि आजवर तेथून कारागिरांच्या पिढ्या बाहेर पडल्या आहेत. माणूस शोधण्याची सुरुवात तेथील अध्यापकांस एक पत्र पाठवून करण्यास हरकत नाहीं. त्याहून खात्रीचा मार्ग स्पर्धेच्या मैदानावर आहे. जाहिराती वाचीत बसण्यापेक्षां, गुणांच्या फळ्यावर जीं वरचीं चार नांवें असतील त्यांच्याकडे जावें आणि नळी कोणी बसविली तें विचारावें. चौघांपैकीं दोघांनीं एकच नांव सांगितलें तर शोध बहुतेक संपला. तिसरा प्रश्नहि विचारावा, तो फार थोडे विचारतात: काम बिघडलें तेव्हां तो काय म्हणाला? बिघडतें सर्वांच्याच हातून. नळी परत मागवून स्वतःच्या खर्चानें पुन्हा कापून देणारा आणि काडतुसांना दोष देणारा, अशा दोन जाती आहेत.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. आजकाल तेथें पुष्कळ बंदुका सुट्या भागांच्या असतात. कारखान्यांतून आलेला भाग काढावयाचा आणि दुसरा बसवावयाचा. असें करणाऱ्यासहि लोक 'गनस्मिथ'च म्हणतात, आणि त्याच्या कामापुरता तो ठीकहि असतो. परंतु भाग बदलणारा आणि भाग घडविणारा यांत शिंपी आणि तयार कपड्यांचा दुकानदार यांच्याएवढें अंतर आहे. एक्सपी-१०० ला घडविणारा हवा. तो बहुधा दूरच्या गांवीं असेल आणि त्याच्याकडे कामाची रांग असेल. सहा महिने, वर्ष, असें उत्तर आलें तर निराश होऊं नये. "पुढच्या आठवड्यांत देतों" हें उत्तर आलें तर मात्र, त्याच्याकडे दुसरीं कामें कां नाहींत याचा विचार करावा.

कागदपत्रांचें थोडक्यांत सांगतों. असा धंदा करणाऱ्यास तेथें १९६८ च्या कायद्याप्रमाणें मध्यवर्ती सरकारचा परवाना लागतो. तो दुकानांत दिसला पाहिजे. हत्यार त्याच्याकडे रात्रभर राहणार असेल तर तें कोणाकडून, कधीं, कोणत्या क्रमांकाचें आलें याची नोंद त्याच्या वहींत झाली पाहिजे. नोंद न करतां पिस्तूल कपाटांत टाकणारा माणूस मापांचीहि नोंद ठेवीत नसतो, हा आमचा अंदाज सहसा खोटा ठरणार नाहीं. कामाचा करार लिहून घ्यावा: कोणती नळी, किती लांबी, कोणतें काडतूस, चापाचें वजन किती. या शेवटच्या गोष्टींत तिसरा नकार दडलेला आहे. चाप जितका हलका तितकें नेम धरणें सोपें, म्हणून प्रत्येक नवखा तो आणखी हलका मागतो. एका हद्दीपलीकडे, बोल्ट जोरानें मिटला किंवा पिस्तूल मेजावर आपटलें तरी खटका आपोआप सुटूं शकतो. जाणता माणूस हद्द सांगतो आणि तिच्या खालीं जात नाहीं, गिऱ्हाईक कितीहि रागावलें तरी.

इंग्लंडांत ही काळजी बरीचशी कायद्यानेंच घेतली आहे. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ सालीं सनद मिळाली, बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें निघालें, आणि नळी किंवा चेंबर यांत ताकद कमी होईल असा बदल झाला तर विक्रीपूर्वीं हत्यार तेथें नेऊन जादा दाबाच्या काडतुसानें पुन्हा तपासून शिक्का घ्यावा लागतो. अमेरिकेंत असें सरकारी परीक्षागृहच नाहीं. तेथें शिक्का म्हणजे कारागिराचें नांव, आणि म्हणूनच एवढा खटाटोप.

आपल्या देशांतील वाचकांसाठीं दोन वाक्यें. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पांचव्या कलमाप्रमाणें बंदूक दुरुस्त करणें किंवा तिच्यांत बदल करणें हा धंदा परवान्याशिवाय करतां येत नाहीं, आणि सहाव्या कलमानें नळी आंखूड करण्यासहि निराळा परवाना लागतो. मालकाला स्वतःच्या बंदुकीचीहि नळी आपल्या मर्जीनें कापतां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसास सामान्यतः दोनच हत्यारें ठेवतां येतात, पूर्वीं तीन चालत. आजोबांची बंदूक माळ्यावर असेल आणि तिचा परवाना कोणाच्या नांवें आहे हें घरांत कोणालाच सांगतां येत नसेल, तर तिला तेल लावण्यापूर्वीं कागद शोधावे.

पिस्तूल परत आलें म्हणजे पुतण्यानें पेटींत काय काय आहे तें पहावें. कारागिरानें स्वतः झाडलेल्या काडतुसांचीं दोन-तीन रिकामीं पितळें असावींत. त्यांच्या बुडाजवळ चकचकीत रेघ दिसली तर तें पितळ ताणलें गेल्याचें चिन्ह, आणि मग एकहि गोळी न झाडतां पेटी परत पाठवावी. नेमाचा कागद असावा, त्यावर अंतर आणि काडतुसाची जात लिहिलेली असावी. नळीचें तोंड भिंगाखालीं पहावें. तेथील कडा एका बाजूस किंचित् जरी दबलेली असली तरी सुटणारा वायु गोळीला तिरकें ढकलतो, आणि बाकी सारें उत्तम असूनहि नेम फांकतो. आणि काढलेली जुनी नळी, ती चापाची पट्टी, नायलॉनचा जुना दस्ता हीं सारीं आठवणीनें परत मागून घ्यावींत. पुष्कळ कारागीर तीं आपल्या खणांत ठेवून देतात, आणि कंपनीनें हें पिस्तूल बनविणें सोडल्यामुळें मूळचे भाग आतां सहजासहजीं मिळत नाहींत.